गाईड ठरवण्याआधी त्यांचे पेपर कसे तपासावेत? खान्देशातल्या फार्माकोलॉजीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

एम.फार्म.चा निकाल लागला की शिरपूर, चोपडा, शहादा, धुळे, जळगाव इथल्या बऱ्याच मुलामुलींपुढे एकच प्रश्न उभा राहतो: पीएच.डी. कोणाकडे करायची? हाताशी असते विद्यापीठाची मान्यताप्राप्त मार्गदर्शकांची यादी, सिनियरांनी सांगितलेलं थोडंफार आणि कॉलेजच्या फ्लेक्सवरचे आकडे. इतके पेपर, तितका एच-इंडेक्स, जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत समावेश. आयुष्यातली चार-पाच वर्षं ज्याच्या हाती द्यायची, तो माणूस एवढ्यावर निवडणं मला धोक्याचं वाटतं.

फार्माकोलॉजीच्या, म्हणजे औषधांचा शरीरावर काय परिणाम होतो या शास्त्राच्या, संशोधकाचं प्रकाशित काम कसं तपासायचं, ते इथे क्रमाने सांगतो. त्यासाठी इंटरनेट, एक वही आणि दोन मोकळ्या संध्याकाळी लागतात. पैसे लागत नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकतो: पेपर आधी उघडा, आकडा नंतर बघा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पहिली पायरी: माणूस नक्की करा

ऐकायला सोपं वाटतं, पण खान्देशात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पबमेड हा वैद्यकीय पेपरांचा फुकट शोधसाठा उघडा आणि 'पाटील एस' असं इंग्रजीत टाका. पानंच्या पानं निकाल येतील. त्यात कोणी पुण्याचा दंतवैद्य, कोणी कर्नाटकातला शल्यविशारद, कोणी अमेरिकेतला जीवशास्त्रज्ञ, आणि मधेच कुठेतरी तुमचे सर. महाजन, सोनवणे, पवार, बोरसे यांचीही तीच गत. चौधरी तर इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात आणि एकाच व्यक्तीच्या दोन पेपरांवर दोन स्पेलिंगं असू शकतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मॅडमचं आधीचं काम वेगळ्याच नावाखाली पडलेलं असतं. शिवाय आपल्याकडे फॉर्मवर आडनाव आधी लिहायची सवय. त्यामुळे काही पेपरांत आडनावाच्या जागी पहिलं नाव छापलं जातं, आणि पाटील आडनाव टाकून शोधणाऱ्याला ते पेपर सापडतच नाहीत.

म्हणून आधी ओळख क्रमांक शोधा. कॉलेजच्या संकेतस्थळावर प्राध्यापकांच्या पानावर ऑर्किड क्रमांक दिला आहे का ते बघा. तो सोळा अंकी असतो, ही सेवा २०१२ पासून आहे, आणि एक क्रमांक एकाच संशोधकाचा असतो. स्कोपस या पेपर आणि सायटेशनच्या (दुसऱ्या पेपरांनी दिलेल्या संदर्भांच्या) माहितीसाठ्यातला लेखक क्रमांकही चालतो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचा 'विद्वान' नावाचा माहितीसाठा आहे, त्यातही देशभरातल्या प्राध्यापकांची माहिती मिळते.

यातलं काहीच नसेल तर नावातलं मधलं अक्षर आणि गाव जोडून शोधा. 'पाटील आर बी' आणि 'शिरपूर' एकत्र टाकलं की गर्दी एकदम कमी होते. विद्यापीठाच्या नावाने शोधताना दोन्ही नावं टाका. १९९० साली स्थापन झालेलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. जुने पेपर जुन्या नावाखालीच राहिले आहेत.

गुगल स्कॉलरवर प्रोफाइल सापडलं तर लगेच खूश होऊ नका. तिथे पेपर आपोआप जोडले जाण्याची सोय असते. प्रोफाइलच्या मालकाने लक्ष दिलं नाही, तर त्याच नावाच्या दुसऱ्या कोणाचे पेपर त्यात येऊन बसतात. खाली स्क्रोल करत जा. मधुमेहावरच्या प्रयोगांच्या मधे काँक्रीटच्या मजबुतीवरचा पेपर दिसला, तर वरच्या एकूण आकड्यावर विसंबता येणार नाही. यात लबाडी असेलच असं नाही, पण आकडा तरी तुमच्या सरांचा उरत नाही.

दुसरी पायरी: वहीत यादी करा

गेल्या दहा वर्षांचे पेपर वहीत उतरवा. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: साल, जर्नल, प्रकार आणि लेखकांत त्यांचा क्रम.

प्रकार म्हणजे स्वतः केलेला प्रयोग, रिव्ह्यू (इतरांच्या कामाचा एकत्र आढावा), पुस्तकातलं प्रकरण की केस रिपोर्ट (एखाद्या रुग्णाची हकिगत). हे वेगळं काढणं फार महत्त्वाचं आहे, कारण चांगल्या रिव्ह्यूला सायटेशन सहसा जास्त मिळतात. मुंबईच्या केईएममधल्या डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'इंडियन जर्नल ऑफ फार्माकोलॉजी'त औषधी वनस्पतींवर एक मोठा रिव्ह्यू लिहिला होता. वनस्पतींवर काम करणारी मुलं आजही त्याचा संदर्भ देतात. असा रिव्ह्यू लिहायला विषयात मुरलेला माणूस लागतो. पण सगळी यादीच रिव्ह्यूंनी भरली असेल, तर त्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष प्रयोग किती चालतात, ही चौकशी करायला हवी.

लेखकांच्या क्रमात साधारण रीत अशी: पहिला लेखक म्हणजे ज्याने हाताने काम केलं तो, बहुधा विद्यार्थी, शेवटचा किंवा तारांकित लेखक म्हणजे ज्याने काम उभं केलं तो, बहुधा गाईड. वही समोर ठेवून बघा, विद्यार्थ्यांची नावं पहिल्या जागी येतात का? की पीएच.डी.च्या कामावर आधारलेल्या पेपरातही सरांचंच नाव पहिलं? याचं उत्तर उद्या तुमच्या बाबतीत काय होणार ते सांगतं.

सालांच्या रकान्यावरूनही नजर फिरवा. दरवर्षी तीन-चार पेपर येणाऱ्या यादीत एखाद्या वर्षी अचानक तीस-चाळीस दिसले, तर ते कोणाबरोबर आणि कुठल्या विषयांवर आहेत ते पाहा. विषयांचा एकमेकांशी काही संबंध लागत नसेल, तर त्या वर्षापुढे खूण करून ठेवा.

आता शोधगंगा उघडा. इन्फ्लिबनेटच्याच या साठ्यात भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध ठेवलेले असतात. गाईडचं नाव टाकलं की त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध दिसतात. किती जणांचं पूर्ण झालं, विषय कोणते होते, त्यातलं किती काम पुढे पेपर म्हणून छापून आलं, हे सगळं तिथून जुळवता येतं. एखादा प्रबंध पूर्ण चाळा. ऋणनिर्देशाचं पान तर आवर्जून वाचा, उपकरणं कुठली वापरली आणि कोणत्या संस्थेत जाऊन काम करावं लागलं ते तिथे बऱ्याचदा लिहिलेलं असतं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. जागा आहे का, हे आधीच विचारा. त्याच नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्तीही काढून टाकली. विद्यापीठाची आणि संस्थेची स्वतःची अट मात्र वेगळी असू शकते, ती कार्यालयात जाऊन लेखी बघून घ्या.

तिसरी पायरी: जर्नल ओळखा

यूजीसी-केअर नावाची जर्नलांची यादी २०१९ पासून वापरात होती आणि तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केली. जर्नल पारखण्याची जबाबदारी आता संस्थांवर आणि संशोधकांवर आली आहे. तेव्हा कोणी 'आमचं जर्नल केअर यादीत आहे' असं सांगून आज पेपर मागत असेल, तर त्या वाक्याला अर्थ नाही.

इम्पॅक्ट फॅक्टर हा एका पेपरचा किंवा एका माणसाचा नसतो, तो जर्नलचा असतो आणि क्लॅरिव्हेट ही कंपनी तो दरवर्षी काढते. समजा एका जर्नलने २०२२ आणि २०२३ मिळून १२० लेख छापले आणि त्या दोन वर्षांतल्या मजकुराला २०२४ साली ३०० सायटेशन मिळाली. ३०० भागिले १२०, म्हणजे २.५. ही सरासरी आहे. त्यातल्या पाच-दहा लेखांनी बहुतेक सायटेशन ओढलेली असू शकतात आणि तुमच्या सरांच्या लेखाला एकही नसू शकतं. मिळत्याजुळत्या नावांचे 'फॅक्टर' विकणारेही बरेच आहेत. क्लॅरिव्हेटचं नाव नसेल तर तो आकडा वहीत घेऊ नका.

जर्नल स्कोपसमध्ये आहे असा दावा असेल तर स्कोपसच्या स्रोतयादीत जाऊन खात्री करा, ती फुकट बघता येते. काही जर्नलं पूर्वी होती आणि नंतर वगळली गेली, तेही तिथे कळतं. पेपरवरचा डीओआय, म्हणजे त्या पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, उघडतो का ते पाहा. पेपर आला कधी आणि स्वीकारला कधी, या तारखा बहुधा पहिल्या पानावर असतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांचा पेपर चार दिवसांत स्वीकारला गेला असेल, तर परीक्षकांनी तो नीट वाचला असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

पबमेडमध्ये नाव नाही म्हणजे काम वाईट, असं मात्र धरू नका. फार्मसीची बरीच बरी जर्नलं पबमेडमध्ये येतच नाहीत.

चौथी पायरी: तीन पेपर शेवटपर्यंत वाचा

खरी पारख इथे होते, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. यादीतला एक अलीकडचा, एक सर्वाधिक सायटेशनचा आणि एक तुमच्या विषयाच्या जवळचा पेपर निवडा. पूर्ण मजकूर पबमेड सेंट्रलवर फुकट मिळाला तर उत्तमच. सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून हजारो जर्नलं वाचता येतात, तिथे शिकणारा मित्र तुम्हाला कसं वाचायचं ते दाखवू शकेल. तेही नसेल तर तारांकित लेखकाला मेल करून प्रत मागा. त्यात काही वावगं नाही.

आपल्या भागात नेहमी भेटणारा नमुना घेऊ. सातपुड्यातल्या एखाद्या वनस्पतीचा अर्क, स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन देऊन मधुमेह झालेले विस्टार जातीचे प्रयोगशाळेतले रॅट, आणि निष्कर्ष: साखर लक्षणीय घटली. हा पेपर हातात घेऊन पुढील गोष्टी शोधा.

वनस्पती कोणी ओळखली? गोळा केलेल्या नमुन्याचा हर्बेरियम (वाळवून जपलेल्या वनस्पतींचा संग्रह) क्रमांक दिला आहे का? एकाच स्थानिक नावाने कधी दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात, त्यामुळे हा क्रमांक नसेल तर प्रयोग दुसऱ्या कोणाला पुन्हा करता येणार नाही.

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीचा मंजुरी क्रमांक आहे का? मंजुरीचं साल प्रयोगाच्या आधीचं आहे का?

एका गटात प्राणी किती? फार्माकोलॉजीत सहा-सहाचे गट सर्रास दिसतात. ते चालतं, पण सहाच का, हे लिहिलेलं हवं. प्राणी गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे योगायोगाने वाटले का, आणि मोजणाऱ्याला कुठला गट कोणता हे ठाऊक होतं का? प्राण्यांवरचे प्रयोग कसे लिहावेत याची 'अराइव्ह' नावाची मार्गदर्शक तत्त्वं २०१० पासून आहेत, २०२० मध्ये ती सुधारली. ज्या पेपरात त्यांची छाया दिसते, तो लिहिणाऱ्याने काळजी घेतली आहे असं समजा.

डोस बघा. रॅटला किलोला ४०० मिलिग्रॅम दिला असेल, तर शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने ०.१६२ ने गुणा. माणसासाठी किलोला सुमारे ६५ मिलिग्रॅम येतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज जवळपास चार ग्रॅम सुका अर्क. एवढा अर्क कोण घेणार, याची चर्चा पेपरात आहे का? चांगला संशोधक ती स्वतःहून करतो.

तक्त्यातलं 'अधिक-उणे' कशाचं आहे तेही पाहा. बऱ्याच पेपरांत तिथे स्टँडर्ड एरर दिलेला असतो आणि त्यामुळे प्राण्या-प्राण्यांतला फरक आहे त्यापेक्षा कमी वाटतो. सहाच्या गटात त्याला २.४५ ने गुणलं की स्टँडर्ड डेव्हिएशन मिळतं आणि प्राण्या-प्राण्यांतला खरा विस्कळीतपणा समोर येतो. हा एक गुणाकार तुम्ही करून बघाच, पेपर वाचण्याची नजर बदलते.

माणसांवरचा अभ्यास असेल तर सीटीआरआय, म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीचा, क्रमांक शोधा. भारतात क्लिनिकल ट्रायलची नोंदणी १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. नोंदणीतलं मुख्य मोजमाप आणि पेपरातलं मुख्य मोजमाप एकच आहे का, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयात बसून प्रतिजैविकांचा वापर कसा होतो, कुठल्या औषधाने कोणाला काय त्रास झाला, नंदुरबारच्या सिकलसेलच्या रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया वेळेवर मिळतं का, असं काम कोणी करत असेल तर त्याला सायटेशन थोडीच मिळतील. औषधांच्या दुष्परिणामांची देशपातळीवरची नोंद २०१० पासून फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमात होते. तिथे प्रामाणिकपणे फॉर्म भरून पाठवणाऱ्याच्या प्रोफाइलवर एकही आकडा वाढत नाही. अशा माणसाला यादीतून लगेच वगळू नका. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईत रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधा वापरून पाहिली आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापलं, तेव्हा तेही रुग्णांच्या खाटेजवळ केलेलं कामच होतं. त्यानंतरच जगाचं लक्ष सर्पगंधेकडे वळलं आणि १९५२ मध्ये तिच्यातलं रेझर्पिन वेगळं केलं गेलं.

पाचवी पायरी: आता आकडे

एच-इंडेक्स २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडायचे. समजा सहा पेपरांना ४०, २२, ९, ५, ४ आणि १ सायटेशन आहेत. चौथ्या पेपरला ५ आहेत, म्हणजे चारपेक्षा कमी नाहीत. पाचव्याला ४ आहेत, पाचपेक्षा कमी. म्हणून एच-इंडेक्स ४. गुगल स्कॉलर आय-टेन-इंडेक्सही दाखवतो, म्हणजे दहा किंवा अधिक सायटेशनचे पेपर; इथे तो २.

एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतच जातो, कधी उतरत नाही. म्हणून पंचवीस वर्षं काम केलेल्या सरांची आणि पाच वर्षांपूर्वी रुजू झालेल्या मॅडमची तुलना त्यावरून करू नका. एकाच माणसाचा आकडा स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्सवर वेगवेगळा येतो, स्कॉलरचा बहुधा सगळ्यात मोठा. कुठला आणि कुठल्या तारखेचा, हे लिहिल्याशिवाय वहीत घेऊ नका.

सायटेशन कशासाठी मिळालं, हे आकड्यात दिसत नाही. जगात सर्वाधिक सायटेशन मिळालेला पेपर म्हणजे ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ मधला, प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा. तीन लाखांहून अधिक! लाउरी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात फार्माकोलॉजी विभागाचे प्रमुख होते. तुमच्या एम.फार्म.च्या प्रबंधातही ती पद्धत कदाचित असेल. पद्धतीचे पेपर असेच वापरले जातात. उलट बाजूला, मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या औषधासाठी २०१५ चं नोबेल मिळालेल्या चीनच्या तू यूयू यांच्याकडे ना डॉक्टरेट होती, ना लांबलचक इंग्रजी पेपरांची यादी. त्या औषधाच्या रेणूरचनेवरचा १९७७ चा पेपर तर व्यक्तींच्या नावांशिवाय, गटाच्या नावाने छापला गेला होता.

म्हणून 'साइटेड बाय'वर क्लिक करा आणि संदर्भ देणारे पाच-सहा पेपर उघडून ते वाक्य शोधा. 'अनेकांनी या विषयावर काम केलं आहे' अशा वाक्यामागे दहा संदर्भांच्या गर्दीत नाव आहे, की त्यांची पद्धत वापरून कोणी प्रयोग पुढे नेला आहे? कोणी त्यांचा निष्कर्ष खोडला आहे का? संदर्भ देणारे बाहेरचे आहेत, की तेच सर, त्यांचेच विद्यार्थी आणि शेजारच्या कॉलेजातले दोघं-तिघं? आधीच्या कामावर पुढचं काम उभं राहतं, त्यामुळे थोडी स्वतःची सायटेशन असणारच. निम्म्याहून जास्त असतील तर वहीत लिहून ठेवा.

दोन टक्क्यांच्या यादीबद्दल: ती स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या आधारे काढतात. तिच्यात दोन तक्ते असतात, एक संपूर्ण कारकिर्दीचा आणि एक फक्त त्या एका वर्षाचा. स्वतःची सायटेशन वगळून काय उरतं, तेही तिथे दिलेलं असतं. फ्लेक्सवर कुठला तक्ता आहे, ते मूळ फाइल उतरवून बघता येतं.

सहावी पायरी: मागे घेतलेले पेपर

पबमेडवर मागे घेतलेल्या पेपरच्या डोक्यावर ठळक सूचना येते. 'रिट्रॅक्शन वॉच'चा साठाही नावाने तपासा. २०२३ पासून तो डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेमार्फत सर्वांसाठी खुला आहे. त्याच वर्षी एकट्या हिंदावी प्रकाशनाने आठ हजारांहून अधिक लेख मागे घेतले होते, त्यामुळे कोणाचं तरी नाव दिसणं दुर्मिळ राहिलेलं नाही. कारण वाचा. स्वतःची चूक सापडल्यावर स्वतःहून पेपर मागे घेणारा संशोधक माझ्या नजरेत उंच ठरतो. चित्रं दुसरीकडून उचलली, परीक्षक बनावट होते, असं कारण असेल तर दुसरा गाईड शोधा.

सातवी पायरी: मेल आणि भेट

एवढं झालं की वहीत दोन-तीनच नावं उरतात. त्यांना मेल लिहा, आठ-दहा ओळींचा. 'आदरणीय सर' किंवा 'आदरणीय मॅडम', आपलं नाव-गाव, एम.फार्म.चा विषय, पेटचा (पीएच.डी. प्रवेश परीक्षेचा) निकाल, आणि मग त्यांच्या वाचलेल्या एका पेपरबद्दल एक नेमका प्रश्न. 'चारशेच्या डोसला परिणाम दिसला, दोनशेला नाही. मधला डोस करून पाहिला होता का?' असा. तुम्ही खरंच वाचलंय हे त्यांना पहिल्या मिनिटात कळतं.

भेटीला गेलात तर अ‍ॅनिमल हाऊस दाखवायची विनंती करा. प्राणी आज आहेत का, नोंदवही भरलेली आहे का, हे डोळ्यांनी दिसतं. सध्याच्या विद्यार्थ्यांशी चहाच्या टपरीवर वेगळं बोला. त्यांना तीन गोष्टी विचारा: सर मसुदा किती दिवसांत वाचून देतात, रसायनांचा खर्च कोण करतं, आणि पेपरवर नावं कोण ठरवतं.

घरी आल्यावर स्वतःचं ऑर्किड खातं काढा, पाच मिनिटांचं काम आहे. पहिल्या पेपरवर जसं नाव छापायचं तसंच तिथे लिहा: पहिलं नाव, मधलं अक्षर, आडनाव, एकच स्पेलिंग. पुढे लग्न झालं, नोकरी बदलली, विद्यापीठाचं नाव पुन्हा बदललं, तरी तुमचं काम त्या सोळा अंकांखाली एका जागी सापडेल.